गणिताच्या बाई

सर्वांना सलाम. स्मरणिकेसाठी लिहा असा कमिटीचा मेसेज आला आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरं कोणी आलंच नाही, गणिताच्या बाईच आल्या. नाव लिहायची गरज नाही, आमच्या वेळच्या कोणालाही विचारा. आपल्या अहमदनगरात १८३१ ला ख्रिस्ती मिशन आलं, शाळा निघाल्या, तो सगळा इतिहास बाकीचे लिहितीलच, मी फक्त बाईंचं लिहिते.

१९७२ चा दुष्काळ. निम्म्या वर्गाचे आईबाप खडी फोडायला जायचे, डब्यात मिलो ज्वारीची लाल भाकरी. माझ्या शेजारची मुलगी पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभी राहून शाळेत यायची, एकदा त्रैराशिकाच्या तासाला ती बाकावरच झोपली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, तिच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून खिडकी लोटून घेतली आणि उरलेला तास हळू आवाजात शिकवला. मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातलं तिला खायला घातलं आणि तीच गणितं परत सोडवून घेतली. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती, बाईंनी तिला कधी चर्चला ये असंही म्हटलं नाही.

त्याच रविवारी संडे स्कूलला बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय होता, तुम्ही जगाचा प्रकाश आहा. एकाने विचारलं, बाई आपण एवढेसे, आपण कसला प्रकाश देणार? बाई म्हणाल्या, उद्या ती वर्गात आली की तिला कोणी चिडवायचं नाही. झालं, एवढंच. त्याच अध्यायातलं दिवठणीवरच्या, म्हणजे दिवा ठेवायच्या उंच जागेवरच्या, दिव्याचं वचन नंतर कितीतरी पाळकसाहेबांकडून ऐकलं पण मला कळलं ते त्या दिवशी.

पुढे मी मिरजेला नर्सिंग केलं, डॉ. वानलेस यांनी १८९४ ला सुरू केलेल्या हॉस्पिटलात. नाईट ड्यूटीला पेशंट कण्हत असला की मी जवळ जाऊन बसायचे, नातेवाईक म्हणायचे सिस्टर तुम्ही किती करता, मग मी त्यांना बाईंचं सांगायचे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज दुबईपर्यंत गेल्यात, देवाची कृपा.

वाईट वाटतं ते एवढंच की आता नाताळात घरोघरी मोठाले स्टार लागतात, सकाळी मोबाईल उघडला की वचनांचा ढीग, आणि शेजारची म्हातारी तापाने पडली तर कोणाला पत्ता नसतो. बाईंच्या वेळी आपल्या मिशन कंपाउंडमधे असं होत नव्हतं. कोणाला राग आला तरी मी हे लिहिणारच.

वसतिगृहातल्या कोणा मुलीला नर्सिंगला जायचं असेल, कुठल्याही जातीधर्माची असो, तिच्या फॉर्मचं आणि फीचं मी बघते. नंबर ऑफिसात देऊन ठेवलाय.