बॉइल-अप रेशो आणि ‘फीड कंडिशन’चा रकाना: माझा अनुभव

डिस्टिलेशन टॉवरच्या तळाशी द्रव उकळणाऱ्या रिबॉयलरमधून वर जाणारी व्हेपर (वाफ) भागिले तळातून बाहेर पडणारे बॉटम्स (तळाचं द्रव), दोन्ही किलोमोल प्रति तासात. बॉइल-अप रेशो म्हणजे एवढंच. मेथनॉल-पाण्याच्या टॉवरसाठी तो काढताना माझं डोकं खाल्लं ते डेटाशीटवरच्या एका रकान्याने. ‘फीड कंडिशन’पुढे, म्हणजे टॉवरमध्ये शिरणारं मिश्रण कसं आहे त्यापुढे, छापलेलं असतं ‘सॅच्युरेटेड लिक्विड’: उकळबिंदूवरचं द्रव. प्रत्यक्षात प्रीहीटर बायपास केलेला, फीड टाकीतून थेट ३० अंशांवर येतंय. विचारायला गेलं की उत्तर मिळतं, “सगळे तसंच धरतात.”

आकडे असे. फीड १०० किलोमोल प्रति तास, मेथनॉल ४० मोल टक्के. टॉपला ९८, तळाला २. मेथनॉलचा ताळा जुळवला की टॉप प्रॉडक्ट ३९.६ आणि बॉटम्स ६०.४ किलोमोल. रिफ्लक्स रेशो (वरून टॉवरमध्ये परत सोडलेलं द्रव, म्हणजे रिफ्लक्स, भागिले टॉप प्रॉडक्ट) १. इथवर कुणाचंच काही अडत नाही. फक्त लॅबचा रिपोर्ट वजनाच्या टक्क्यांत असतो हे विसरू नका: ४० मोल टक्के म्हणजे वजनाने सुमारे ५४, आणि तळाचे २ म्हणजे साधारण ३.५. फ्लोमीटर किलोत दाखवतो, त्यामुळे १०० किलोमोलचं हे फीड त्याच्यावर सुमारे २,३६० किलो दिसेल.

आता तो रकाना. सॅच्युरेटेड लिक्विड धरलं तर वरच्या भागातली व्हेपर (रिफ्लक्स अधिक टॉप प्रॉडक्ट, ७९.२) तशीच खालीही, म्हणजे रेशो १.३१. पण या फीडचा उकळबिंदू सुमारे ७५ अंश. ते ३० अंशांवर आत शिरतं, तेव्हा फीड ट्रेवर (फीड शिरतं त्या आडव्या ताटलीवर) खालून आलेली थोडी व्हेपर त्याला तापवताना द्रव होऊन जाते. ४५ अंश गुणिले ८० किलोज्यूल (प्रति किलोमोल प्रति अंश), भागिले ३९,००० एवढी लेटंट हीट (एक किलोमोल द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता): ०.०९. म्हणजे क्यूची (एक किलोमोल फीडची पूर्ण वाफ करायला लागणारी उष्णता भागिले लेटंट हीट) किंमत १.०९. खालची व्हेपर ७९.२ अधिक ९.२, म्हणजे ८८.४, रेशो १.४६. रिफ्लक्सही कंडेन्सरमधून (वरच्या व्हेपरचं द्रव करणाऱ्या उपकरणातून) ४० अंशांवर थंड होऊन येतो, टॉपचा उकळबिंदू ६५ च्या आसपास, त्यामुळे टॉवरच्या आतला रिफ्लक्स मीटरवरच्यापेक्षा सहाएक टक्के जास्त. तेही धरलं की रेशो १.५०.

इथे बरेच जण समाधानाने पेन खाली ठेवतात, आणि माझी खरी चिडचिड इथेच. क्यूचं हे गणित एका गृहीतावर उभं आहे: एक किलोमोल द्रव झाला की एक किलोमोल व्हेपर बनते. बेंझिन-टोल्युइनमध्ये ते बऱ्यापैकी चालतं, कारण दोघांची मोलर लेटंट हीट जवळपास सारखी आहे. मेथनॉलची ३५,३०० आणि पाण्याची ४०,७०० किलोज्यूल प्रति किलोमोल असताना नाही चालत. वर ३५ हजारांत एक किलोमोल उडतो, तळाला त्याच कामाला सुमारे ४०,००० लागतात. म्हणजे तितक्याच उष्णतेत तळाशी व्हेपर कमी निघणार.

म्हणून पूर्ण टॉवरभोवती उष्णतेचा ताळा मांडा. पायरी सोपी आहे, कंटाळवाणी मात्र आहे. शून्य पातळी फीडच्या तापमानाची, ३० अंश, म्हणजे फीडची उष्णता शून्यच होते. कंडेन्सर: ७९.२ किलोमोलची लेटंट हीट आणि ६५ वरून ४० पर्यंतचं थंड होणं मिळून २९.६ लाख किलोज्यूल प्रति तास. टॉप प्रॉडक्टबरोबर ०.३ लाख. बॉटम्स ९६ अंशांवर बाहेर, ३ लाख. बेरीज ३३ लाख, हीच रिबॉयलरची ड्यूटी. पण ही सगळी व्हेपर बनवायला जात नाही. शेवटच्या ट्रेवरून येणारं द्रव रिबॉयलरच्या द्रवापेक्षा सातआठ अंश थंड असतं, ते तापवायलाच ०.८ लाख लागतात. उरलेल्याला ४०,००० ने भागा: ८०.३ किलोमोल. रेशो १.३३.

गंमत बघा, रकान्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्याचं १.३१ याच्या जवळ येतं! दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं, दुसरं काही नाही. त्याचाच ७९.२ धरून रिबॉयलरची स्टीम काढली, तर ३ किलो गेज प्रेशरला (लेटंट हीट २,१३५ किलोज्यूल प्रति किलो) १,४८५ किलो प्रति तास येते, ताळ्यावरून १,५४५. शिवाय इन्सुलेशनमधून जाणारी उष्णता वेगळी. आणि १.५० वाल्याने ट्रे मोजायच्या आलेखावर स्ट्रिपिंग रेषा (फीडखालच्या भागाची रेषा) काढली तर तिचा चढ १.६७ येतो (रेशो अधिक एक, भागिले रेशो). १.३३ ला तो १.७५. चढ कमी धरला की रेषा व्हेपर-द्रव समतोल वक्रापासून लांब दिसते आणि खालच्या ट्रे कमी मोजल्या जातात.

थर्मोसायफन रिबॉयलर (ज्यात द्रव पंपाशिवाय आपोआप फिरतं) असेल तर त्यातून फिरणारं सगळं मिश्रण बॉइल-अप समजू नका. त्यातला थोडाच भाग व्हेपर असतो, बाकीचं द्रव नुसतं चक्कर मारून येतं.

सिम्युलेटरमध्ये बॉइल-अप रेशो टाकताना मोल की मास, ते आधी बघा. या टॉवरमध्ये तळाची व्हेपर १३ टक्के मेथनॉलची, म्हणून बॉटम्सपेक्षा जड. मासवरचा आकडा आठनऊ टक्के जास्त येतो. डीडब्ल्यूसिम हा सिम्युलेटर फुकट आहे, आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामुळे मदतही मिळते. पण त्यातही फीडचं तापमान तुम्हालाच भरायचं आहे.

तळात थेट स्टीम सोडत असाल तर बॉटम्समध्ये स्टीमचं पाणी मिसळतं आणि हा रेशो वापरायचाच नाही. स्टीम आणि बॉटम्स वेगळे मांडा.

चालू टॉवरवर पडताळा घ्यायचा तर रिबॉयलरच्या स्टीमचं कंडेन्सेट (स्टीम थंड होऊन झालेलं पाणी) मोजा. स्टीम ट्रॅपनंतर (पाणी सोडून स्टीम अडवणाऱ्या व्हॉल्व्हनंतर) उघड्या ड्रममध्ये धरलं तर ३ किलोवरून सुटताना आठेक टक्के फ्लॅश होऊन उडून जातं, आणि आपण खूश की स्टीम कमी लागतेय. ड्रममध्ये आधी वजन केलेलं थंड पाणी ठेवा, पाइपाचं तोंड त्यात बुडवा आणि वाढलेलं वजन घ्या.