टॅबलेटचं शेवटचं मोठं अपडेट

मंगळवार

टॅबलेट चार्जिंगला लावला की तीच चौकट समोर येते. अपडेट आत्ता करायचं, रात्री करायचं की नंतर आठवण करून द्यायची? मी बरेच दिवस ‘नंतर’ म्हणत आलेय. आज मात्र विषय टाळता आला नाही. टिपणं लिहायचं ॲप पुन्हा टाकायला गेले, तर नव्या आवृत्तीला आयपॅडओएस (म्हणजे आयपॅड चालवणारी सिस्टिम) १६ लागते असं कळलं. जुनी आवृत्ती देऊ का, असं विचारलं, ती घेतली. चालतेय छान. पण तिच्यात आता नवीन काही येणार नाही, सुधारणाही नाहीत.

माझा आयपॅड सहाव्या पिढीचा, २०१८ सालचा. ए१० चिप, २ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, आत आयपॅडओएस १५. त्याला १७ पर्यंत जाता येतं. १८ या मॉडेलसाठी आलंच नाही. म्हणजे आता जे करीन ते त्याचं शेवटचं मोठं अपडेट, आणि खरं ओझं याच गोष्टीचं आहे. एरवी एखाद्या अपडेटमध्ये काही बिनसलं तर पुढच्या मोठ्या आवृत्तीत सुधारेल अशी आशा असते. इथे पुढची मोठी आवृत्तीच नाही. जिथे नेऊन ठेवीन तिथेच तो उरलेली वर्षं काढणार.

मागे फिरायची सोयही नाही. इन्स्टॉल करताना ॲपलच्या सर्व्हरकडून त्या उपकरणापुरती डिजिटल मंजुरी घ्यावी लागते. नवी आवृत्ती आली की जुनीला मंजुरी देणं लवकरच थांबवलं जातं. जुन्या आवृत्तीची फाइल कॉम्प्युटरवर जपून ठेवली असली तरी मंजुरीशिवाय ती चढत नाही. शिवाय १७ वर घेतलेला बॅकअप १५ वर उतरवता येत नाही. तेव्हा ‘करून तर बघू’ हा पर्यायच नाही.

बुधवार

आज दिवसभर वेगाचा विचार चालला होता. जुन्या यंत्रावर नवं सॉफ्टवेअर टाकलं की ते रडतखडत चालतं, असं सगळेच सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. २०१४ च्या आयपॅड एअर २ मध्येही २ जीबीच रॅम होती आणि तो १५ वर थांबला. माझा चिपच्या जोरावर १७ पर्यंत जातो, मेमरी मात्र तेवढीच. आताच पीडीएफ वाचताना एखादा संदर्भ शोधायला सफारीत जावं, चार पानं उघडावीत आणि परत पहिल्या पानावर यावं, तर ते पांढरं होऊन पुन्हा लोड होतं. मेमरी पुरत नाही तेव्हा सिस्टिम मागचं पान सोडून देते. १७ वर हे वाढेल, कमी होणार नाही, एवढं मी धरूनच चाललेय.

तरीही नवं म्हणजे मंदच, असा सरसकट नियम मला पटत नाही. २०१८ मध्ये आयओएस १२ (तेव्हा आयफोन आणि आयपॅड दोन्हींची सिस्टिम) आलं ते जुन्या उपकरणांचा वेग वाढवण्याच्या उद्देशानं. आयफोन ६ प्लसवर ॲप ४० टक्क्यांपर्यंत लवकर उघडतील असं तेव्हा ॲपलनं जाहीर केलं होतं. लोकांनी सांगितलेले अनुभवही जपून घ्यावेत असं मला वाटतं. मोठ्या अपडेटनंतर सिस्टिम मागच्या मागे फोटो आणि फाइलींची नव्यानं सूची करत बसते, तोवर बॅटरी भराभर उतरते आणि यंत्र तापतं. बहुतेकांचं मत नेमकं त्याच काळात बनतं. दोन-चार दिवस थांबून सांगितलेलं मत मला जास्त मोलाचं वाटतं.

गुरुवार

आज सुरक्षेबद्दल नीट वाचलं आणि माझा तराजू एका बाजूला झुकला.

माझी समजूत अशी होती की १५ वर राहिलं तरी त्यातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील. ॲपल जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या देतं हे खरंच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या भागातली एक गंभीर त्रुटी उघड झाली. घातक चित्रफाइल उघडल्यावर मेमरीत गडबड करता येत होती, आणि ठरावीक व्यक्तींवरच्या हल्ल्यात ती वापरली गेली असावी असं ॲपलनंच म्हटलं. तिची दुरुस्ती माझ्या मॉडेलसाठी आयपॅडओएस १७.७.१० मध्ये आली. पुढच्या महिन्यात तीच दुरुस्ती १५.८.५ मध्येही दिली गेली. पण कुणाला? ज्यांना १५ च्या पुढे जाताच येत नाही त्यांना, म्हणजे एअर २ सारख्या उपकरणांना. माझा १७ वर जाऊ शकतो, म्हणून १५.८ ची मालिका त्याच्यासाठी नाही. एअर २ माझ्या टॅबलेटपेक्षा जुना, तरी त्याचं १५ दुरुस्त झालेलं आणि माझं १५ उघडं! मॉडेल नवं असल्याचा फायदा वर गेलं तरच मिळतो.

दुसरं म्हणजे ब्राउझर. सफारी सिस्टिमबरोबरच अपडेट होते, वेगळी नाही. आणि या आवृत्त्यांवर दुसरा कोणताही ब्राउझर टाकला तरी आतलं वेबकिट, म्हणजे वेबपानं उघडून दाखवणारं इंजिन, सिस्टिमचंच. म्हणजे ब्राउझर बदलून सुटका नाही. फार मागे राहिल्यावर काय होतं याचं उदाहरण २०२१ चं आहे. वेबसाइटना सुरक्षेची प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रं ज्यावर टेकलेली होती, ते एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबरला संपलं आणि आयओएस ९ किंवा त्याहून जुन्या सिस्टिमवर असंख्य साइट उघडेनाशा झाल्या. यंत्रं धडधाकट होती, फक्त नव्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

या टॅबलेटवर माझा ईमेल आहे. ईमेल ज्याच्या हाती गेला त्याला बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. नुसतं वाचायला आणि चित्रं काढायला वापरत असते, वायफाय बंद ठेवता आलं असतं, तर मी १५ वरच राहिले असते आणि तेही बिनधास्त. तसा वापर करणाऱ्या कुणालाही मी ‘राहू दे’ असंच सांगेन. माझा वापर तसा नाही.

शनिवार

आज केलं.

आधी जागा मोकळी केली. टॅबलेटवरूनच अपडेट केलं तर फाइल आधी तिथेच उतरते आणि ३२ जीबीमध्ये तेवढी मोकळी जागा नव्हती. कॉम्प्युटरला जोडून केलं की फाइल कॉम्प्युटरवर उतरते, म्हणून तो मार्ग घेतला. बॅकअप घेताना एन्क्रिप्शनची खूण केली, नाहीतर साठवलेले पासवर्ड त्यात येत नाहीत. टिपणांच्या पीडीएफ करून वेगळ्या ठेवल्या. हे करायचं जिवावर आलं होतं, पण हस्ताक्षरातली टिपणं पुन्हा कुठून मिळणार?

अपडेट झाल्यावर सगळ्यात आधी आयपॅडवर लिहायची ॲपल पेन्सिल उचलली. एक लांब तिरकी रेघ, मग बारीक अक्षरं, मग हात टेकवून भराभर लिहिलेलं एक वाक्य. रेघ टोकाबरोबर येतेय. कीबोर्ड वर यायला क्षणभर जास्त घेतो. मागच्या मागे ॲप ताजी होण्याची सोय बंद केली, हालचालींचे इफेक्ट कमी केले. नोट्समध्ये पीडीएफ आता उघडलेल्या पानांसकट दिसते आणि त्यावर तिथेच लिहिता येतं, हे मला फार आवडलं. बॅटरीबद्दल पुढच्या आठवड्यात लिहीन, आज काही म्हणत नाही.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिच्याकडे एअर २ आहे. “मीही करू का गं अपडेट?” तिला म्हटलं, “मावशी, तुझं गणित वेगळं आहे. तुझा १५ च्या पुढे जातच नाही, त्यामुळे मोठं काही बिघडायची भीती नाही. १५.८ मधलं जे लहान अपडेट येईल ते लगेच घे, फक्त आधी फोटो कॉम्प्युटरवर काढून ठेव.” उद्या फोनवरच दोघी मिळून ते करणार आहोत.