खाडी ते येऊर झू: प्रोग्रेस अपडेट आणि मला हवे असलेले प्राणी

तर मंडळी, खाडीवाला भाग एकदाचा बघण्यासारखा झालाय. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, प्लॅनेट झू या प्राणीसंग्रहालय बांधायच्या कॉम्प्युटर गेममध्ये सँडबॉक्सवर (पैशांची चिंता नसलेला मोड) मी ठाणे-नवी मुंबईचं झू बांधतोय. एका टोकाला ठाणे खाडी, दुसऱ्या टोकाला ठाण्याला लागून असलेला येऊरचा डोंगर, मधे पब्लिकचा रस्ता आणि बर्गरच्या स्टॉलवर कस्टम बोर्ड लावून केलेली वडापावची गाडी. राहायला ऐरोलीत असल्यामुळे रेफरन्स फोटोंसाठी लांब जावं लागत नाही, खाडी घराजवळ आणि येऊर म्हणजे एक रिक्षा, फक्त रविवारी नको.

खाडीत खरा त्रास पाण्याचा होता. गेममध्ये भरती-ओहोटी नाही, एका डबक्याला एकच लेव्हल मिळते. म्हणून कायमची ओहोटीच दाखवायची ठरवली. टेरेनला अगदी कमी उतार दिला, पायाच्या घोट्याएवढ्या पाण्याचे दोन-तीन पट्टे सोडले आणि मधे सगळा चिखल रंगवला. तिवरांची जी पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली असतात ना, ती लाकडी खुंट बारीक करून, तिरके करून एकेक रोवलीत, त्यात माझे किती वीकेंड गेले विचारू नका. माती जास्त झाली की रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) टेरेनचा बार, म्हणजे जमीन त्यांना किती मानवतेय ते दाखवणारी पट्टी, बिघडतो, मग कडेकडेने गवत वाढवून तो परत जागेवर आणायचा. सँडबॉक्समध्ये या अटी सैल करता येतात माहितीये, पण मग नुसती रांगोळी काढल्यासारखं होतं, प्राणी कशाला ठेवायचे.

आता विशलिस्ट, कारण गेममध्ये नवीन कोणते प्राणी यावेत यावर खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर सारखी चर्चा चालूये आणि ९०% लोकांचं उत्तर "अजून एक वाघ-सिंहासारखं काहीतरी मोठं" एवढंच असतं. माझं म्हणणं वेगळंय. प्राणी मागताना त्याच्यामुळे बांधकामात नवीन काय करावं लागेल ते सांगा, नुसतं नाव नको. बेस गेममध्ये बंगाल टायगर, भारतीय हत्ती, एकशिंगी गेंडा, घडियाल, मोर आहेतच. नंतर वेगळे विकत घ्यायच्या पॅकपैकी रानकुत्रा साउथईस्ट एशिया पॅकमध्ये आला, तरस ग्रासलँड्समध्ये. म्हणजे भारताच्या नावाने रडायचं कारण नाही, पण आपल्या घराच्या आसपासचं जे आहे ते राहूनच गेलंय. (माझ्याकडे सगळे पॅक नाहीत, सेलमध्ये जे परवडले ते घेतले, त्यामुळे यातलं काही एखाद्या पॅकमध्ये असेल तर कमेंटमध्ये शांतपणे सांगा.)

पहिला नंबर छोटा रोहित. गेममध्ये आहे तो मोठा रोहित, ग्रेटर फ्लेमिंगो. खाडीत दोन्ही येतात आणि झुंडीत छोट्याची गर्दी जास्त असते. बोटीतून जवळून बघितलं तर ओळखायला सोपं, मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, छोट्याची चोच गडद, लांबून काळीच वाटते, उंचीला कमी आणि अंगाचा गुलाबी रंग जास्त चढलेला. खाणंही वेगळं, छोटा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो आणि मोठा चिखलातले किडे, कोळंबीसारखे बारीक जीव, म्हणून दोघं एकाच चिखलात भांडण न करता चरतात. गेममध्ये दोन जाती एकत्र ठेवल्यावर काहींना एनरिचमेंटचा (प्राण्यांचं मन रमण्याचा) बोनस मिळतो, तो या जोडीला नाही द्यायचा तर कोणाला? आणि सांगाडा तर तयारच आहे, रंग, चोच आणि साइज बदलायची. २०१५ ला खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसार या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली, आणि माझ्या झूमधल्या खाडीत अर्धेच पक्षी, हे काय बरोबर दिसत नाही.

दुसरा निवटी, हा माझा सगळ्यात लाडका आणि ग्रुपवर सगळ्यात जास्त हसू झालेला. मासा काय मागतोस म्हणे! अरे पण बघा तरी एकदा ओहोटीला. चिखलावर पुढच्या पंखांच्या जोरावर सरपटत येतो, डोळे डोक्याच्या वर बसवलेले, मधेच पाठीवरचा पंख झेंड्यासारखा उभा करून दुसऱ्याला दम देतो, जवळ गेलात की सुळ्ळकन बिळात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो म्हणून बाहेर टिकतो. गेममधली एक्झिबिटची पेटी, म्हणजे छोट्या प्राण्यांची काचेची पेटी, यासाठीच केलीये असं वाटतं, अर्धा चिखल अर्धं पाणी, दमटपणा आणि तापमानाचे स्लायडर तर आहेतच. साप, कोळी, बेडूक पेटीत बसून असतात, पब्लिक एक नजर टाकून पुढे जातं. हा दिवसभर हलतो, आणखी काय पाहिजे.

बिबट्या. हो मला माहितीये मोठ्या मांजरांना नाही म्हणालो होतो, पण येऊरचा भाग बिबट्याशिवाय कसा करायचा सांगा. कॉन्झर्वेशन पॅकमधला अमूर बिबट्या आणून ठेवलाय आणि दर वेळी खटकतो, फिकट रंग, थंडीसाठीची जाड फर, ठिपके मोठे आणि लांब लांब. आपला बारीक केसांचा, पिवळ्याकडे झुकणारा, ठिपके दाट. सुमारे १०३ चौ. किमीचं येऊरचं संजय गांधी नॅशनल पार्क, चारी बाजूंनी इमारती, आणि आत हा प्राणी मजेत राहतोय, कुत्र्यांवरही भागवतो. त्याच्या हॅबिटॅटच्या, म्हणजे गेममधल्या कुंपणाच्या जागेच्या, मागच्या भिंतीला लागून टॉवरचे फ्लॅट उभे केलेत मी, बाल्कनीत कपडे वाळत घातलेत, तेवढं मात्र भारी जमलंय.

खवल्या मांजर नको, म्हणजे वेगळं नको. बेस गेममधलं चायनीज पँगोलिन आहे त्यावर आपला बोर्ड लावला, काम झालं, तेवढ्यासाठी पॅकमधली जागा घालवू नये असं मला वाटतं. यावर भांडायला तयार आहे.

शेकरू मात्र पाहिजेच. राज्यप्राणी आहे, शेपटीसकट जवळपास तीन फूट भरतो, तपकिरी-लाल पाठ आणि खाली फिकट पोट. गंमत अशी की तो जमिनीवर फारसा उतरतच नाही आणि एकाच इलाक्यात फांद्यांवर गोल गोल घरटी बांधून ठेवतो. म्हणजे आपल्याला पहिल्यांदा असा हॅबिटॅट बांधावा लागेल जिथे जमीन गौण आणि सगळा खेळ वरच्या फांद्यांचा. चढणारे प्राणी आहेत आता, पण ते चढायच्या फ्रेमवर दोन उड्या मारून परत खाली येऊन बसतात. शेकरूसाठी पब्लिकचा रस्ताच उंचावर न्यावा लागेल, झाडांच्या मधून. मी येऊरच्या उतारावर लाकडी पुलाचा रस्ता आत्ताच काढून ठेवलाय, सध्या तिथून फक्त झाडं दिसतात.

धनेशाबद्दल (हॉर्नबिल) लिहिलं तर पोस्ट संपणार नाही. ढोलीत मादी स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर फटीतून खाऊ भरवतो, हे गेममध्ये बघायला मी पूर्ण किमतीत पॅक घेईन, सेलची वाट न बघता. पण हॅबिटॅटमध्ये उडणारे पक्षी नाहीतच, उडणारं काय तर फुलपाखरं आणि ट्वायलाइट पॅकमधली वटवाघळं, ती पण वॉकथ्रू एक्झिबिटमध्ये, म्हणजे पब्लिक आतून चालत जातं अशा घरात. आधी मोठा पिंजरा आणि उडण्याची सिस्टीम, मग धनेश. कोल्हाही याच यादीत टाकतो, खारघरकडच्या खारफुटीतले व्हिडिओ बघितलेच असतील, रात्रीच्या झूसाठी मस्त.

फुलपाखरांचं मात्र सोपं आहे. ग्रासलँड्समध्ये वॉकथ्रू घर आलं, त्यात फक्त राणी पाकोळी टाका, ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. काळे मखमली पंख, मागच्या पंखावर निळा पट्टा आणि त्यात काळे ठिपके. अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात म्हणून घराबाहेर लिंबाची झाडं लावायला घेतलीत, गेममधलं जे झाड त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते. घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत जसा पायवाटेच्या दोन्ही बाजूंना फुलांचा गच्च पट्टा आहे तसा करायचाय, पण फुलं वाढवली की माझ्या लॅपटॉपचे फ्रेम धपकन खाली येतात. कमी फुलांत गच्च कसं दाखवायचं ते कोणाला जमलं असेल तर सांगा, ब्लूप्रिंट (बांधकामाची सेव्ह केलेली कॉपी) दिलीत तर उत्तमच, पुढच्या अपडेटमध्ये तुमच्या नावाची पाटी लावतो.