फोनवर काय कळतं हो तुम्हाला?

लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मी मनोविकारतज्ज्ञ आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच. "डॉक्टर, माणूस समोर नसताना फोनवर काय कळतं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

कमी कळतं. टाळेबंदीचा पहिला दिवस, 25 मार्च 2020, त्याच दिवशी केंद्राची टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून रुग्ण तपासण्याची, नियमावली आली आणि दादरचं माझं क्लिनिक फोनमध्ये शिरलं. तेव्हापासून हेच सांगत आलोय. सकाळी अकराला तोंडाला येणारा दारूचा वास फोनवर येत नाही. व्हिडिओत बोटं थरथरतायत की नेट, हेही पुष्कळदा कळत नाही.

पण खरी पंचाईत वेगळी. मुंबईत मनातलं बोलायला जागा कुठाय? परळच्या चाळीतल्या एक बाई (ओळख बदलली आहे), दहा बाय बाराची खोली, पाच माणसं. मी विचारायचो आणि त्या "हो", "नाही", "बरं आहे" एवढंच. मला वाटलं, औषध लागू पडलं! पुढच्या खेपेला फोनमध्ये नुसता वारा. "पापड वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर आलेय," म्हणाल्या आणि पाऊण तास रडल्या. आधीच्या वेळी सासूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न झोपेचा नसतो. "शेजारी कोणी आहे का? नुसतं हो किंवा नाही सांगा." एक खूणही ठरवतो. कुणी आलं की पेशंटने "गॅस बुक करायचाय" म्हणायचं, मी लगेच गोळ्यांच्या वेळा सांगू लागतो. मग आत्ता नेमके कुठे आहात, तो पत्ता आणि घरातल्या एकाचा नंबर. जिवावर बेतलं तर मदत पाठवायची कुठे, हे माहीत नको?

फायदा नाही असं मुळीच नाही. बदलापूरचा माझा एक रिक्षावाला दहा मिनिटांच्या भेटीसाठी अख्ख्या दिवसाचा धंदा बुडवायचा. आता स्टँडवर रिक्षा लावून बोलतो. मागे गिऱ्हाईक "जाणार का?" विचारतं, हा "नाही" म्हणतो, आणि मी दचकतो. लिथियमवर आहे (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध, रक्तात जास्त झालं तर घातक), म्हणून तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट घेऊन मात्र यायलाच लावतो. फोनवर दर वेळी "एकदम झकास, डॉक्टर!"

परवा आला. म्हटलं, हात पुढे कर. बोटं थरथरत होती.

"कधीपासून रे?"

"झाले असतील दोन महिने. तुम्ही विचारलं नाहीत."