सूचना नको, कपाट बदला

बी.फार्म. झाल्यावर मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयाच्या फार्मसीत लागले. वॉर्डातून इंडेंट, म्हणजे औषधांच्या मागणीची चिठ्ठी, यायचा, औषधं काढायची, बॅच नंबर आणि एक्सपायरी बघायची, बिल करायचं. पिशवी खिडकीबाहेर गेली की आपलं काम संपलं. पुढे ते औषध पेशंटपर्यंत कसं पोचतं, हे बघायला फार्मासिस्टने वॉर्डात जावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनाची तयारी सुरू झाली आणि चित्र बदललं. त्यांच्या मानकांत औषध व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण आहे. हाय-रिस्क, म्हणजे चुकली तर जिवावर बेतणारी, औषधं कुठे ठेवता, सारखी दिसणारी आणि सारख्या नावांची औषधं वेगळी कशी ठेवता, चुकांची नोंद कशी होते, हे सगळं दाखवावं लागतं. औषधं देताना चुका होऊ नयेत हे बघणारं ‘मेडिकेशन सेफ्टी’ असं पद आमच्याकडे नव्हतंच. मी स्वतःहून ते काम मागून घेतलं. बरेच दिवस सकाळी काउंटर आणि दुपारी वॉर्ड असं चाललं.

वॉर्डात सगळ्यात आधी खटकलं ते पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या १० मिलीच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं हे औषध थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. ते ट्रेमध्ये कुठे होतं? डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलांना खेटून. दोन्ही १० मिली, दोन्ही पारदर्शक प्लास्टिकची, छपाई बारीक. रात्रपाळीत मंद दिव्याखाली अँटिबायोटिक विरघळवणाऱ्या सिस्टरच्या हाती यातलं काय लागेल, हे नशिबावर सोडलेलं होतं.

त्यावर आधी काहीच झालं नव्हतं असं नाही. परिपत्रक निघालं होतं, सगळ्यांच्या सह्या होत्या, भिंतीवर लाल अक्षरांत पोस्टर होतं. अँप्युल मात्र जागचं हललं नव्हतं. तिथून पुढे माझं सगळं काम याच एका मुद्द्याभोवती फिरलं. दमलेल्या माणसाला ‘काळजी घ्या’ सांगून औषध सुरक्षित होत नाही. चूक हातून घडणारच नाही अशी मांडणी करावी लागते.

औषध समितीत मी पोटॅशियम क्लोराइड जनरल वॉर्डांतून काढायचा प्रस्ताव ठेवला. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने १९९८ मध्ये रुग्णालयांसाठी काढलेला पहिलाच इशारा याच औषधाबद्दल होता, हे मी कागदासकट दाखवलं. आयसीयूचे डॉक्टर म्हणाले, “मॅडम, पेशंटचं पोटॅशियम घसरलंय आणि मी फार्मसीच्या माणसाची वाट बघत बसू?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून आयसीयूत ते कुलपाच्या कपाटात राहिलं, ‘पातळ करूनच द्या’ असं लाल लेबल लागलं आणि देण्यापूर्वी दोघांनी तपासायचं ठरलं. बाकी वॉर्डांत ते पेशंटच्या नावाने, लागेल तेव्हाच जाऊ लागलं.

इन्सुलिनचा गोंधळ तर आपल्याकडचा खास. भारतात व्हायलमधलं इन्सुलिन मिलीला ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर इतकी खाली येते की झोपेतला पेशंट उठतच नाही. आम्ही वॉर्डांत एकच ताकद ठेवली, दुसरी खरेदीच्या यादीतूनच काढली. खरेदी विभागाला पटवायला वेळ लागला, पण एकदा दुसरी बाटली आत येणंच थांबलं आणि प्रश्न मिटला.

सगळ्यात अवघड गेलं ते चुका कळवायला लावणं. आमच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता, ‘चूक करणाऱ्याचे नाव’. असा फॉर्म कोण भरेल? मॅट्रनबाईंशी बोलून तो रकाना काढला. त्या जागी ‘काय घडलं’ आणि ‘काय घडता घडता वाचलं’ एवढंच ठेवलं. तरी पेटी रिकामीच. मग मी पाळी बदलायच्या वेळी वॉर्डात जाऊन उभी राहू लागले. एका सिस्टरनी हळूच सांगितलं, “दोन गोळ्यांच्या स्ट्रिपा अगदी सारख्या आहेत हो, काल हातात चुकीचीच आली होती.” दुसऱ्या दिवशी त्या दोन औषधांचे खण लांब केले आणि ते का केले हे त्यांच्याच वॉर्डात सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर फॉर्म येऊ लागले. ते इतके वाढले की व्यवस्थापनाने मला बोलावून विचारलं, आपल्याकडे चुका वाढल्यात का? मी समजावलं की चुका आधीही होत्या, आता त्या आपल्याला दिसताहेत. ही गोष्ट पटणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तिथे माघार घेतली असती तर सिस्टर पुन्हा गप्प झाल्या असत्या.

औषध योग्य देऊनही पेशंटला त्रास झाला, तर ती नोंद वेगळी. ती केंद्र सरकारच्या २०१० पासून चालणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणाऱ्या, कार्यक्रमाकडे, गाझियाबादला जाते. पेशंट स्वतःही १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवू शकतो.

फार्म.डी. झालेली मुलं मला विचारतात की या क्षेत्रात यायला कुठला कोर्स करावा. कोर्स जरूर करा, पण आधी एखाद्या वॉर्डात औषधवाटपाच्या वेळी सिस्टरबरोबर पूर्ण फेरी मारा. किती वेळा फोन वाजतो, किती नातेवाईक मध्येच हाक मारतात, हे बघा.

सध्या मी डिस्चार्जच्या यादीवर, म्हणजे घरी जाताना पेशंटला देतो त्या औषधांच्या यादीवर, काम करते आहे. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. त्याच्या पाकिटावर आम्ही वार पूर्ण शब्दांत लिहितो, ‘फक्त बुधवारी’, आणि गोळ्या चारच आठवड्यांच्या देतो. शिवाय नातेवाइकांना घरची औषधांची पिशवी आणायला सांगतो. तिच्यात बरेचदा एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघते, एक फॅमिली डॉक्टरांची, एक आमची. आजोबा दोन्ही घेत असतात. त्यातली कुठली बंद करायची ते यादीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून देतो आणि ती यादी आजोबांकडूनच एकदा वाचून घेतो.