28 चं झाकण, 28 चीच बाटली

कोकमाचा हंगाम आटोपला आणि अमृत कोकमाच्या पहिल्या दोनशे बाटल्या आम्ही कुडाळहून पुण्याला पाठवल्या. तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला, "वहिनी, खोकी खालून लाल झालीत. मुंग्याही लागल्यात."

आधी मी पार्सलवाल्यांना शिव्या घातल्या. मग वाटलं, आमच्या मुलींनीच झाकणं सैल ठेवली असतील. पुढच्या खेपेला फडकं धरून सगळी झाकणं स्वतः आवळली, मनगट दुखेस्तोवर. तरी गळती तशीच. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालायची अक्कलही लढवली. पाक कागदाच्या चुण्यांमधून आणखीच बाहेर.

बाटल्या एका व्यापाऱ्याच्या, झाकणं दुसऱ्याची. थोडी स्वस्त मिळाली म्हणून. दोन्ही बिलांवर 28 मिमी लिहिलेलं.

शेवटी लेथवर काम करणाऱ्या दिरांना बोलावलं. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायचं साधन, लावला. मानेवरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास 27.4 मिमी, झाकणाला चालणारा. मला तर हायसंच वाटलं. पण त्यांनी झाकण लावलेली एक रिकामी बाटली घेतली आणि हॅक्सॉने मानेसकट उभी कापली.

"वयनी, झाकाण कड्यार टेकता, तोंडार नाय."

खरंच होतं. बाटल्या हाताळायला मानेखाली जे कडं असतं, त्यावर झाकणाची सीलची रिंग येऊन बसली होती आणि वर, बाटलीच्या तोंडाशी, फट राहिली होती. मी इतके दिवस जीव खाऊन आवळत होते ते कड्यावर!

झालं होतं असं, की 28 मिमीच्या पेट (PET प्लास्टिकच्या) बाटल्यांत दोन प्रकारच्या माना सर्रास मिळतात. त्यांना क्रमांक असतात, ती वर्षं नव्हेत. जुनी 1810, सुमारे 21 मिमी उंच. नंतर आलेली 1881, सुमारे 17 मिमी, प्लास्टिक वाचवणारी. आट्यांमधलं अंतरही वेगळं: 1810 चं 3.18 मिमी, 1881 चं 2.7. आमच्या बाटल्या आखूड मानेच्या, झाकणं उंच मानेची. एखाददुसरा फेरा आटे धरतात, मग एकमेकांवर चढतात, आणि हाताला वाटतं घट्ट बसलं.

बाटलीवाल्याकडून 1881 ची झाकणं मागवली. आता नवा माल आला की आधी वीस बाटल्या पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर आडव्या ठेवते. झाकणावरून मानेपर्यंत मार्करची एक रेघ ओढते. सकाळी रेघ तुटलेली दिसली तर झाकण सैलावलंय. शिवाय भरताना तोंड आणि आटे ओल्या फडक्याने पुसायचे, पाक वाळून तिथे खडे धरतो.

जुन्या झाकणांची दोन पोती पडवीत आहेत. व्यापारी म्हणतो, "ताई, माल 28 चाच दिला होता ना?" दिलेला होता, खरं आहे.