माणसाचं देणं माणसालाच

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला बहुतेक रमजानमध्ये विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. "तुमच्यात पाच वेळची नमाज, महिनाभराचे रोजे, सगळं इतकं काटेकोर. पण माणसानं माणसाशी चांगलं वागणं, त्याला इस्लाममध्ये कितपत जागा आहे?"

जागा इतकी मोठी आहे की तिचा विचार करताना मला भीती वाटते.

आमच्याकडे माणसाच्या डोक्यावर दोन देणी मानतात. एक अल्लाहचे हक्क, दुसरे बंद्यांचे, म्हणजे माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा सुटला, तर तो भरून काढून, मनापासून तौबा (पश्चात्ताप) करून अल्लाहकडे माफी मागता येते, आणि तो दयाळू आहे. माणसाच्या हक्काचं तसं नाही. तिथे आधी त्या माणसाच्या दारात जावं लागतं. ज्याचे पैसे बुडवले त्याचे परत करायचे, ज्याचं मन दुखावलं त्याची माफी मागायची. रात्रभर सजद्यात, म्हणजे जमिनीला कपाळ टेकून, रडलं तरी शेजाऱ्याच्या हद्दीत घुसवलेलं कुंपण मागे सरकत नाही.

एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद, मी लहानपणापासून ऐकत आले. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना विचारलं, कंगाल कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसाअडका नाही, सामानसुमान नाही तो. पैगंबरांनी सांगितलं, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) कंगाल तो, जो कयामतच्या, म्हणजे अखेरच्या निवाड्याच्या, दिवशी नमाज, रोजे आणि जकात (सक्तीचं दान) घेऊन येईल. पण त्यानं कुणाला शिवी दिलेली असेल, कुणावर आळ घेतलेला असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, कुणाला मारलेलं असेल. मग त्याची पुण्यं त्या लोकांना वाटून दिली जातील. पुण्यं संपली आणि हिशेब उरला, तर त्यांची पापं त्याच्या माथी येतील आणि त्याला आगीत टाकलं जाईल. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात ही हदीस आहे. त्या माणसाची नमाज खोटी होती, असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नाही. नमाज त्याच्या पदरी होती. ती दुसऱ्यांना देऊन टाकावी लागली.

म्हणून मला मशिदीइतकीच बाजारातली गोष्ट महत्त्वाची वाटते. मदीनेच्या बाजारात पैगंबरांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसानं भिजलं. पैगंबरांनी विचारलं, मग ओलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? आणि पुढे म्हणाले, जो फसवतो तो माझा नाही. कुरआनची 83वी सूरह (अध्याय) तर मापात पाप करणाऱ्यांपासूनच सुरू होते, जे स्वतः घेताना पुरेपूर घेतात आणि देताना कमी भरतात. गीबतीबद्दल, म्हणजे पाठीमागे निंदा करण्याबद्दल, कुरआन विचारतो: मेलेल्या भावाचं मांस खायला आवडेल का तुम्हाला?

आमच्याकडे जनाजाची, म्हणजे मयताची, नमाज उभी राहण्याआधी घरातला कुणीतरी पुढे होऊन सांगतो, "मरहूमकडून (गेलेल्या माणसाकडून) कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा, मी देईन. काही बोलणं झालं असेल तर माफ करा." ही नुसती रीत नाही. एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवायला पैगंबर तयार झाले नव्हते. त्यांचे एक सोबती अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःच्या अंगावर घेतलं, तेव्हा पढवली. शहीदाचेसुद्धा सगळे गुन्हे माफ होतात, कर्ज सोडून.

हल्ली शब-ए-बारातला, म्हणजे माफीची मानलेल्या रात्री, फोनवर सगळ्यांना एकगठ्ठा "कहा-सुना माफ" (बोललं-चाललं माफ करा) पाठवतात. त्यानं काही साधतं असं मला वाटत नाही. ज्याच्याशी अबोला धरलाय, नेमका तोच त्या यादीत नसतो.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे सगळं मुसलमानांनी मुसलमानांशी वागण्यापुरतं का? नाही. 622 साली पैगंबरांनी मक्का सोडली, तेव्हा तिथले लोक त्यांच्या जिवावर उठले होते. त्याच मक्केतल्या लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी आपले चुलतभाऊ हजरत अली यांना मागे ठेवलं. एखाद्या समाजाचं वैर तुम्हाला अन्याय करायला लावू नये, हे कुरआनच्या पाचव्या सूरहमध्ये स्पष्ट सांगितलंय.

आता माझ्या मनातली खंत. आमच्यात बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा कुरआननं ठरवलेला आहे. मिळकत थोडी असो की जास्त, सूरह निसामध्ये तो फर्ज, म्हणजे बंधनकारक, म्हणून सांगितलाय. आणि तरीही किती घरांत बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात! सह्या घेणारे भाऊ पाची वेळचे नमाजी असतात, काही हाजीही असतात. विचारलं तर सांगतात, तिनं खुशीनं सोडलं. माहेर तुटेल या धास्तीनं केलेल्या सहीला खुशी म्हणायचं का? मी तर म्हणत नाही, आणि जाणते आलिमही (धर्मपंडितही) म्हणत नाहीत. त्यांचं सांगणं साधं आहे: आधी तिचा वाटा मोजून तिच्या ताब्यात द्या, सातबाऱ्यावर तिचं नाव चढू द्या. त्यानंतर ती स्वतःहून भावाला काही देत असेल, तर ते तिनं दिलेलं. ओळखीच्या घरात वाटणीचा विषय निघाला की मी हेच सांगते, आणि ते सांगितल्याबद्दल माझ्याशी बोलणं सोडलेली माणसं आहेत. पुढच्या वेळीही सांगेन.